बंद फळ्यांमागची पेठ

(समाजाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने मला यंदा बोलावयास सांगितले, तेव्हा विषय निवडण्याची मोकळीकही दिली. गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक, वधूवर मेळावा, समाजमंदिराचा निधी, हे विषय आपल्या संमेलनात दरवर्षी होतात, आणि ते व्हावेतही. तथापि ज्या गोष्टीवर आपण घरोघरी हळू आवाजात बोलतो, पण सभेत कधीच बोलत नाही, अशा एका गोष्टीविषयी आज दोन शब्द बोलावे असे मी ठरविले आहे. ती गोष्ट म्हणजे शहापूर आणि मुरबाड येथील जुन्या पेठांतील आपली बंद दुकाने.

गेल्या पावसाळ्यापूर्वी एका सकाळी मी मुरबाडच्या पेठेतून पायी निघालो. किती दुकाने बंद आहेत ते मोजावे असा विचार होता. परंतु आळीच्या मध्यापर्यंत जाऊन मी मोजणी सोडून दिली. कारण प्रत्येक कुलपापाशी कोणीतरी ओळखीचे आठवे आणि पाय तेथेच थबके. हे आपल्या मामांचे, हे आत्याच्या यजमानांचे, येथे दिवाळीला वहीपूजनाचे पेढे मिळत. ज्यांचे बालपण पेठेत गेले आहे त्यांना ठाऊक असेल की आपली दुकाने फळ्यांची. सकाळी एकेक फळी खोबणीतून सरकवून काढावयाची आणि रात्री त्याच क्रमाने लावावयाची. क्रम चुकला तर शेवटची फळी बसत नसे, म्हणून प्रत्येक फळीवर आकडा घातलेला असे. मी एक ते अकरा हे आकडे शाळेत जाण्यापूर्वी या फळ्यांवरच शिकलो. आता कित्येक ठिकाणी फळ्या जाऊन लोखंडी पडदे आले आहेत, आणि त्या पडद्यांनाही गंज चढला आहे.

आपली पेठ ओस पडण्याची ही पहिलीच वेळ आहे असे मात्र कोणी समजू नये. आपला व्यापार हा रस्त्याचा आश्रित आहे. कल्याण बंदरातून निघालेला माल मुरबाडवरून वैशाखऱ्याकडे आणि तेथून नाणेघाट चढून जुन्नरास जात असे. सातवाहनांच्या काळी त्या घाटात राणी नागनिकेने कोरविलेला लेख आणि जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण आजही उभा आहे. आगगाडी आली, आणि १८६३ मध्ये बोरघाट व १८६५ मध्ये थळघाट तिने ओलांडला, तेव्हा बैलांच्या तांड्यांना त्या पायऱ्या चढण्याचे कारण उरले नाही. शहापूरकडची कथा जराशी निराळी. कल्याणहून लोहमार्ग १८५५ साली वासिंदपर्यंत आणि १८६१ साली कसाऱ्यापर्यंत पोहोचला. पण शहापूर गावाला स्टेशन मिळाले ते आसनगावचे, गावाबाहेरचे. तरीही आग्रा रस्ता होता, कचेरी होती, म्हणून पेठ टिकली. मुरबाडला तर आगगाडी आजतागायत आलेली नाही, आणि तरीही पेठ टिकली. म्हणजे रस्ता बदलला की पेठ कोसळतेच असे नाही. आपल्या पूर्वजांनी प्रत्येक वेळी माल बदलला, गिऱ्हाईक बदलले, पण फळ्या काढण्याचे सोडले नाही.

मग आता काय झाले? कारणे आपणांस ठाऊक आहेत, म्हणून त्यांत मी फार वेळ घालवीत नाही. भात हा आपल्या दुकानदारीचा कणा होता. १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे त्याच्या केंद्रांवर भाताची खरेदी होऊ लागली. चौपदरी महामार्गावरून धावणारी मोटार पेठेत उतरत नाही. जून २०२५ पासून तर समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून थेट आमण्यापर्यंत खुला झाला आहे. त्यावरील प्रवाशास शहापूर हे नाव पाटीवर दिसते एवढेच. आसनगावची लोकल पकडून लोक कल्याण-उल्हासनगरास कापड घेतात, आणि ज्यांना तेवढाही प्रवास नको त्यांच्या दारी पार्सल येते. आपली मुले शिकली, डोंबिवली-ठाण्यास नोकरीला लागली, काही परदेशी गेली. त्यांनी तागडी धरावी असे आपणच त्यांना कधी म्हटले नाही.

ही सारी कारणे खरी आहेत. परंतु ही दुकान न चालण्याची कारणे झाली. दुकान बंद ठेवण्याची नव्हेत. या दोन गोष्टी आपण एकच समजतो, आणि माझ्या मते आपली चूक तेथे आहे. आपण किराणा विकू शकत नाही म्हणून त्या जागेत दुसऱ्या कोणीही काही करू नये, असा काही नियम नाही.

बाहेरगावची दोन उदाहरणे सांगतो. वेल्सच्या सीमेवर हे-ऑन-वाय नावाचे एक लहानसे बाजारगाव आहे. तेथील व्यापार उतरणीस लागला असता रिचर्ड बूथ या गृहस्थांनी १९६० नंतरच्या वर्षांत जुन्या अग्निशामक केंद्राच्या इमारतीत जुन्या पुस्तकांचे दुकान थाटले. मग रिकाम्या पडलेल्या आणखी इमारतींत पुस्तके भरली, आणि ते गाव पुस्तकांचे गाव म्हणून जगभर ओळखले जाऊ लागले. तीच कल्पना आपल्या राज्यात ४ मे २०१७ रोजी पाचगणीजवळच्या भिलारमध्ये प्रत्यक्षात आली. स्ट्रॉबेरी पिकविणाऱ्या त्या गावात पंचवीस ठिकाणी, कोणाच्या घरी, कोठे देवळात, कोठे शाळेत, पुस्तके ठेवली गेली. मला त्यात विशेष वाटते ते असे की कोणी घर विकले नाही, कोणी घर सोडले नाही. एक खोली, एक ओसरी तेवढी दिली. आपण भिलारची नक्कल करावी असे मात्र मी म्हणत नाही. मुरबाडला पुस्तके बघावयास मुंबईहून कोणी येईल या भरवशावर राहणे शहाणपणाचे नाही.

आपल्याच तालुक्याकडे पाहा. मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती सुरू केली, आणि साठी-सत्तरीच्या पुढच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, खांद्याला दप्तर लावून अक्षरे गिरवावयास बसल्या. त्या शाळेची कीर्ती दूरदूरच्या देशांत गेली. पण तिला प्रारंभी मिळालेली जागा अगदी साधी होती. त्याच वर्षी १ डिसेंबरला आपल्या धसईचे नाव राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून गाजले. दुकानोदुकानी यंत्रे आली. यंत्र आले की गिऱ्हाईक येईल अशी काहींची समजूत होती; तिचे पुढे काय झाले ते धसईकर मंडळींनीच सांगावे. माझा मुद्दा एवढाच की जागेला जीव येतो तो तीत रोज येणाऱ्या माणसामुळे, आणि अशी माणसे आपल्या दोन्ही तालुक्यांत भरपूर आहेत.

कोण आहेत ही माणसे? मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारे कामगार आहेत. त्यांना सकाळी गरम भाकरी-भाजी हवी असते. पोलीसभरतीची आणि लोकसेवा आयोगाची तयारी करणारी वाड्या-पाड्यांवरील मुले आहेत. एका खोलीच्या घरात रात्री दिवा लावून बसणे त्यांना शक्य होत नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ साली निघाले. आपल्या पेठेत तशा अभ्यासिकेस जागा नाही असे कोणी म्हणेल, तर त्याने रात्री आठनंतर आपल्या माड्या मोजाव्यात. उन्हाळी भेंडी पिकविणारे शेतकरी आहेत. त्यांना माल निवडून भरण्यासाठी पहाटे दोन-तीन तास सावलीची जागा लागते. मोटारपंप, दुचाकी, भ्रमणध्वनी दुरुस्त करणारी पोरे आहेत. ती आज महामार्गाकडेच्या पत्र्याच्या टपऱ्यांत बसतात. माहुलीस आणि नाणेघाटास जाणारी तरुण मंडळी शनिवारी-रविवारी आसनगाव-मुरबाडवरून जातात. ती चहा कोठे पितात ते आपण पाहतच आहोत. आणि पेठेत एखादा डॉक्टर, एखादी शिवणकाम शिकविणारी बाई, भात कांडून आणि पाखडून विकणारा एखादा बचत गट असता तर बाजारदिवशी कोणाची सोय होणार नाही?

आता आपल्या अडचणींकडे येतो. पहिली अडचण धास्तीची. भाडेकरू बसला की उठत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ही धास्ती अगदीच निराधार नव्हती. जुन्या मुंबई भाडेकायद्यात १९७३ साली दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवानगीने राहत होते त्यांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. मुंबई-ठाण्याकडच्या आपल्या नातलगांच्या जागा त्यात अडकल्या, आणि त्यांची कहाणी आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली. परंतु तो कायदा जाऊन महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, याला पाव शतक लोटले. त्याच्या पंचावन्नाव्या कलमानुसार भाडेकरार किंवा परवानगीचा करार लेखी असला पाहिजे, तो नोंदविलेला असला पाहिजे, आणि नोंदविण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. तो तसा नसेल, तर वाद उत्पन्न झाल्यास भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. म्हणजे तोंडी विश्वासावर जागा देणारा फसतो. कागद करणारा सहसा फसत नाही. येथे एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. मुदत संपल्यावर जागा त्वरित परत मिळविण्याची जी सोय या कायद्यात आहे ती राहण्यासाठी दिलेल्या जागेपुरती आहे, दुकानासाठी नाही. म्हणून दुकानाचा करार थोड्या मुदतीचा, स्पष्ट आणि वकिलाच्या नजरेखालून गेलेला असावा.

दुसरी अडचण हिस्सेदारांची. आपल्या बहुतेक दुकानांचे उतारे आजोबांच्या किंवा पणजोबांच्या नावावर आहेत. बहिणींना विचारावयाचे नाही आणि त्यांच्या सहीवाचून काही करता येत नाही, अशा कात्रीत आपण सापडलो आहोत. वडिलांनी स्वतः मिळविलेल्या मिळकतीत, मृत्युपत्र नसेल तर, मुलीचा मुलाइतकाच वाटा १९५६ च्या कायद्यापासून आहे. एकत्र कुटुंबाच्या वडिलार्जित मिळकतीतही ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्मतः हिस्सेदार झाली. आणि त्या दिवशी वडील हयात असले पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा यांच्या खटल्यात स्पष्ट केले. तेव्हा बहिणीला राखीपौर्णिमेला बोलावावे तसे याही कामी आपण होऊन बोलवावे. सर्वांनी मिळून एकास मुखत्यारपत्र द्यावे, भाड्याचे वाटे आधी कागदावर लिहावेत. वाटणी होईपर्यंत थांबू असे म्हणणारे थांबतात. छप्पर थांबत नाही. एका पावसाळ्यात कौल सरकले की दुसऱ्या पावसाळ्यात वासा कुजतो आणि तिसऱ्यात माडी खाली येते.

या दोन्ही अडचणी कागदाने सुटणाऱ्या आहेत. तिसरी तशी नाही, आणि खरे सांगावयाचे तर तिच्यासाठीच मी आज उभा राहिलो आहे. ती दुसऱ्याच्या तोंडून सांगण्यापेक्षा माझ्याच घरची सांगतो. ज्येष्ठ बंधूंची अनुमती घेऊनच हे बोलत आहे.

मुरबाडच्या पेठेतील आमचे दुकान वडिलांच्या पश्चात बंद पडले. आम्ही तीन भाऊ आणि दोन बहिणी. दुकानापुढे दगडी ओटा आहे. मृगाचा पाऊस पडला की डोंगरपट्टीतील ठाकूर आणि कातकरी बाया शेवळे, काकडे, टाकळा, कुर्डू असा रानमेवा टोपलीत घेऊन येतात आणि आमच्याच ओट्यावर बसून विकतात. वर्षानुवर्षे बसतात. म्हणजे पाहा, आमचे दुकान बंद आहे असे आम्ही म्हणत होतो, पण ओटा चालूच होता. बंद होत्या त्या फळ्या. काही वर्षांपूर्वी असाच मी आषाढात दुकानाचे छप्पर बघावयास गेलो होतो. पाऊस आडवा लागत होता. ओट्यावरील एका बाईने प्लास्टिकच्या कागदाखालून मला विचारले, "शेठ, पावसापुरत्या दोन फळ्या काढून ठेवाल का? आम्ही गटाच्या बाया आहोत, काय भाडं असेल ते देऊ. गटाचे पापड, तांदूळसुद्धा ठेवू." मी म्हणालो, "दादांना विचारतो."

मी दादांना विचारले नाही. पुढच्या वर्षी तिने पुन्हा विचारले, मी पुन्हा तेच उत्तर दिले. तिसऱ्या वर्षी तिने विचारले नाही. गटाने रस्त्याकडेला पत्र्याची शेड भाड्याने घेतली होती, आणि तिचे भाडे आम्ही मागितले असते त्याहून अधिक होते.

मी का विचारले नाही? कायद्याची भीती नव्हती. कायदा मला ठाऊक होता. हिस्सेदारांची अडचण नव्हती; बहिणी केव्हाच हो म्हणाल्या असत्या. खरी गोष्ट अशी की ज्यांनी आमच्या ओट्याखाली उभे राहून मीठ-मिरची मागितली, त्यांच्या मुलीने आमच्या गादीवर बसून गिऱ्हाइकाला काय हवे असे विचारावे, हे माझ्या मनाला मानवत नव्हते. त्यापेक्षा कुलूप बरे वाटत होते. आपल्या वडीलधाऱ्यांनी दुष्काळात धान्य उधार दिले, अडीअडचणीस पैसा दिला, हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते खरे आहे. पण पालेमोडीचा व्यवहारही याच पेठेत झाला, पीक उभे असतानाच ते पडत्या भावाने लिहून घेतले गेले, हेही खरे आहे. आणि ते ज्यांच्याकडून लिहून घेतले त्यांची नातवंडे आज ओट्यावर बसली आहेत. आपल्या जुन्या वह्या माळ्यावर असतील तर त्यांत त्यांच्या आजोबांची नावे सापडतील. मला माझ्या घरच्या वहीत सापडली.

आपल्यापैकी काहींना हे बोलणे आवडणार नाही. आपल्या समाजाच्या मुलांनाच आधी जागा द्यावी, असे कोणी म्हणेल. अवश्य द्यावी. आपल्यातील एखाद्या तरुणाने पेठेत परत येऊन काही आरंभिले तर त्याचे भाडे पहिले वर्षभर माफ करावे, अशी सूचना मी स्वतः मंडळापुढे ठेवीत आहे. पण त्याची वाट पाहत कुलूप ठेवावयाचे, आणि तोवर पावसात भिजणाऱ्याला नाही म्हणावयाचे, हे मला पटत नाही. दुकान हे देवघर नव्हे. आपल्या वाडवडिलांनी ते बांधले तेव्हा ओटा रस्त्याच्या बाजूला ठेवला, तो कोणीही यावे म्हणूनच ना?

शिवाय हे सारे एकदम, कायमचे देऊन टाकावे असे नाही. आठवड्यातून एक दिवस, बाजारदिवशीच, दुकान उघडून देता येईल. पावसाळ्याचे चार महिने देता येईल. माडी एकाला अभ्यासिकेसाठी आणि खालचा भाग दुसऱ्याला, असेही करता येईल. प्रथम वीजजोडणी चालू करून घ्यावी. ती तोडलेली असेल तर थकबाकी भरल्याशिवाय काही घडत नाही. वाळवी लागलेल्या फळ्या बदलाव्यात, पण सागाच्या असतील तर फेकू नयेत. तसे लाकूड आता मिळत नाही.

संमेलनाच्या दाराशी एका टेबलावर मी एक नोंदवही ठेवली आहे. ज्यांचे दुकान, वखार किंवा माडी रिकामी आहे त्यांनी तीत लिहावे : जागा कोणत्या आळीत, छप्पर कसे आहे, वीज आहे की नाही, हिस्सेदार किती आणि त्यांपैकी किती राजी आहेत. आपल्यातील दोन वकील बंधूंनी करारांचे मसुदे विनामूल्य पाहून देण्याचे कबूल केले आहे, त्यांचे मी आभार मानतो.

वहीतील पहिली नोंद आमच्याच दुकानाची आहे. हिस्सेदार पाच, सह्या चार. पाचवी सही आमच्या दादांची. ते समोर तिसऱ्या रांगेत बसले आहेत, आणि त्यांचा नकार माझ्या त्या वेळच्या नकाराहून निश्चितच अधिक प्रांजळ आहे. वडिलांबरोबर त्या गादीवर बसलेले आम्हां भावंडांत ते एकटेच. परवा रात्री त्यांचा दूरध्वनी आला. त्यांनी विचारले, "त्या बाया फळ्या आकड्यांप्रमाणे लावतील का रे? सातवी आणि आठवी दिसायला सारखी आहे." मी म्हणालो, "दादा, ते आपल्याला एकदा दाखवावे लागेल." त्यावर ते काही वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "येत्या रविवारी जाऊ. गाडी तू काढ."

 चहापानाच्या वेळी मी वहीपाशी बसणार आहे.